शेपटीवाल्या फुलपाखरांचा तामुका

तामुका मूळचा वरचा, डोंगरातला. लग्न होऊन खाली आमच्या गावात आला तेव्हा त्याच्याजवळ एक कोयता, एक डुकराचं पिल्लू आणि गप्प बसायची सवय, एवढीच काय ती इस्टेट. आमच्याकडे जमीन बायकांची असते आणि नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो, त्यामुळे घरजावई म्हणून हिणवायचं झालं तर बूगनव्हिल बेटाच्या या अख्ख्या दक्षिण टोकाला हिणवावं लागेल. पण हे वितालिसला कोण सांगणार? वितालिस हा तामुकाच्या बायकोचा, बेनेदिक्ताचा, धाकटा भाऊ. हा स्वतः ओढ्यापलीकडच्या गावात बायकोच्या जमिनीवर राहतो, तिथं सासूपुढं मान खाली घालून कोकोची बोंडं फोडतो, आणि तिथली सगळी मळमळ दर रविवारी प्रार्थना झाली की बहिणीच्या अंगणात येऊन ओकतो.

"काय दाजी, गुरं कशी आहेत?" तो लांबूनच ओरडायचा. "चरून आली का तुमची गुरं?"

गुरं म्हणजे अळ्या. गाव हसायचं. तामुका सुपारीला चुना लावून तोंडात टाकायचा आणि लाल दात दाखवून स्वतःही हसायचा. त्याला राग येत नव्हता असं नाही. पण राग बाहेर काढायला शब्द लागतात, आणि ते या माणसाकडं नेमके हवे तेव्हा कधीच नसायचे.

बेटावरची लढाई संपून रस्ते उघडले त्या सुमारास बाहेरचा एक व्यापारी फुलपाखरं विकत घ्यायला यायला लागला. त्याला हवं होतं ते आमच्याच बेटांवरचं, दुसरीकडं कुठं न मिळणारं: काळंभोर, पंखांवरून निळसर हिरवा पट्टा ओढलेलं, मागं दोन शेपट्या. झालं, गावातली निम्मी माणसं मासे धरायची जाळी घेऊन रानात पळाली. येताना काय आणलं, तर शेपट्या तुटलेली, पंखांचा भुगा झालेली मढी. व्यापाऱ्यानं नाक मुरडलं आणि गावाचा उत्साह दोन आठवड्यांत मावळला. तामुका मात्र रानात जाऊन नुसता बसून राहिला. फुलपाखरू अंडी घालायला कुठल्या झाडावर उतरतं ते त्यानं पाहून ठेवलं, दरीतून त्या झाडाची रोपं उपटून आणली आणि बेनेला विचारून घरामागं लावली. पाच जगली.

पानं चुरगळली की उग्र वास सुटणारं ते झाड. ना फळ खायचं, ना लाकूड घराला लागायचं. पण वर्षा-दोन वर्षांत फुलपाखरं आपण होऊन यायला लागली. त्यांच्या अळ्यांची एक तऱ्हा आहे. त्या सुट्या राहत नाहीत. दिवसा झाडावरच्या सगळ्याच्या सगळ्या खाली उतरतात आणि बुंध्यापासून माणसाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत खोडाला गोधडी गुंडाळावी तशा एकमेकींना चिकटून बसतात. ऊन कललं की रांग लावून पाला खायला वर. तामुका दुपारभर त्या गोधडीसमोर बसलेला असायचा. मुंग्या आल्या तर राखेनं हटवायचा, कोंबड्या आल्या तर खडे मारायचा.

पुढचं काम बघवत नाही, पण सांगतो. अळ्यांचे कोश झाले की तो ते काडीसकट उतरवून वळचणीला जाळीच्या पिंजऱ्यात टांगायचा. सकाळी कोश फुटतो. आतून निघालेलं फुलपाखरू ओलं, चुरगळलेलं, काडीला धरून पंख वाळवत बसतं. पंख ताठ झाले, आता उडणार, एवढ्यात तामुका अंगठा आणि बोट घालून त्याची छाती चिमटायचा. एक बारीक कट्‌ आवाज. मग व्यापाऱ्यासाठी तिकोनी कागदात घडी. पुढच्या पिढीसाठी काही जोड्या सोडून द्यायचा, तेवढ्याच काय त्या उडायच्या. बाकीच्यांनी जन्माला येऊन फक्त त्याचं बोट पाहिलं. आणि हाच माणूस अळी खाली पडली तर पानाच्या द्रोणात उचलून परत झाडावर ठेवायचा हो! मला विचाराल तर ते प्रेम नव्हतं, ते व्यसन होतं. गावातले दारू गाळायचे, हा अळ्या बघायचा.

बेनेनं ते चालवून घेतलं. बाई मोठ्या मनाची आणि मोठ्या आवाजाची. "माझ्या नवऱ्याचं दुसरं घर घरामागंच आहे, एवढं बरं," असं ती विहिरीवर सांगायची. "निदान जेवायला हाक मारली की ऐकू तरी जाते."

आता एका मेजवानीचं सांगतो. रोसिनाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाची मेजवानी होती. डुकरं कापली होती, अळकुड्या कुटून नारळाच्या रसात गोळे केले होते, आणि वितालिसनं गाळलेली दारू पोटभर घेतली होती. तो मधोमध उभा राहिला.

"ऐका रे! आज आमच्या भाचीचा नवरा येताना दोन डुकरं घेऊन आला. आमचे दाजी आले होते तेव्हा काय आणलं होतं? एक पिल्लू! तेही खरजुलं! इतकी वर्षं आमच्या बहिणीचं खाल्लं, दाजी, तिला काय दिलंत?"

लोक हसले. तामुका पण हसला असता, रोजच्यासारखा. पण समोर नवा जावई बसलेला, शेजारी त्याची माणसं. तामुका तडक उठला, घरामागं गेला आणि त्या झाडांचा एक डहाळा तोडून घेऊन आला. सगळ्यांदेखत तो डहाळा बेनेच्या हातात दिला आणि म्हणाला, "ही पाचही झाडं बेनेची. आजपासून माझी नाहीत." आयुष्यात चारचौघांत बोललेलं त्याचं हे पहिलंच वाक्य असेल. आमच्याकडं पान हातात देऊन लोकांसमोर बोललं की ते दिलं, त्यात मागंपुढं नाही. वितालिसचं तोंड एवढंसं झालं. माणसांनी मांड्यांवर थापा मारल्या. तामुका छाती फुगवून खाली बसला, आणि बेनेनं दातओठ खात त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"अरे खुळ्या, हे काय करून बसलास? माझी झाली म्हणजे मी मेले की पाडतील ना ती!"

कारण आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाची झाडं उभी ठेवत नाहीत. नारळ असो, सुपारी असो. धनी मातीत आणि झाड आपलं डुलतंय, हे बघणार कोण? दुखवट्याच्या जेवणादिवशी पाडतात. पहिला घाव घरच्या माणसानं घालायचा, आणि पडलेल्याला नंतर कोणी हात लावायचा नाही, जागेवर कुजू द्यायचं. हे तामुकाला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण त्या क्षणी मेहुण्याचं तोंड बंद करण्यापलीकडं त्याला काही दिसत नव्हतं.

"मग तू मरू नकोस," तो बेनेला म्हणाला. आणि दोघं हसली.

पण बेनेला खोकला लागला. आधी पावसाळ्यापुरता, मग बारमाही, मग रक्ताचा. रोसिना आईजवळच राहायची. आईचं अंग पुसणं, थुंकीचं भांडं धुणं, सगळं तीच करत होती. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जायला गावातून आठवड्यातून एकदाच ट्रक जायचा. एका आठवड्यात ठरलं, बेनेला न्यायचं. गाठोडं बांधून झालं. आणि त्याच सकाळी कोश फुटायला लागले, एकामागून एक, पिंजराभर.

"रोसू, पुढच्या ट्रकनं जाऊ," तामुका म्हणाला. "आत्ता सोडून गेलो तर सगळी एकमेकांवर आपटून फाटतील. तुझी आई आज बरी दिसतेय."

"जाऊ दे गं पोरी," बेने आतून म्हणाली. "आठवड्यानं काय होतंय?"

आठवड्यानं तिला बसता येईना. मग ट्रकमधून नेण्यात काही अर्थच उरला नाही.

शेवटच्या दिवसांत बेनेनं रोसिनाकडून त्या झाडांचं एक पान मागवून घेतलं आणि नवऱ्याला हाक मारली. "हे घे," ती म्हणाली. "झाडं तुला परत दिली. रोसू ऐकतेय. हात पुढं कर."

तामुकानं मूठ घट्ट मिटली. आजारी माणूस आपल्या वस्तू वाटायला लागलं की मरण उंबऱ्याशी आलं असं आम्ही धरतो, आणि ते वाटप जो घेतो त्यानं मरणाला आत घेतलं असंही. "मी नाही घेणार," तो रडवेला होऊन म्हणाला. "तू उठशील. उठलीस की मग बघू."

"माझ्या राजा, घे रे," बेने म्हणाली. त्यानं हात पाठीमागं नेले. लहान पोराला औषध पाजताना ते करतं ना, अगदी तसं. बेनेनं थोडा वेळ पान तसंच धरून ठेवलं, मग तिचा हात दमून खाली आला. दोन दिवसांनी ती गेली.

दुखवट्याचं जेवण ठरलं तेव्हा झाडांवर अळ्यांचं पीक आलेलं होतं, कधी नव्हे एवढं. पाचही खोडांना गोधड्या. अजून थोडे दिवस, की कोश. अंगाला दुखवट्याची राख फासलेला तामुका बेनेच्या थोरल्या बहिणीकडं गेला. नावोई तिचं नाव. कुळातली सगळ्यात मोठी बाई तीच, तिच्या शब्दापुढं कोणाचा शब्द नाही. डोळे गेलेले, पण कान शाबूत.

"आक्का, थोडं थांबता येईल का? कोश होईपर्यंत? मग मी स्वतः पाडतो."

नावोईनं तोंड उघडायच्या आधीच वितालिस बोलला. तो मागं बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. "ऐकलं का गं आक्का? आपल्या बहिणीचा दुखवटा दाजींच्या किड्यांच्या सोयीनं धरायचाय! डुकरं बांधून आणलीत, पावणे निघालेत, आणि हे म्हणतात थांबा, आमच्या गुरांचं जेवण व्हायचंय!"

"गप रे," नावोई म्हणाली. पण थांबायचं काही बोलली नाही.

जेवणाच्या दिवशी भर दुपारी सगळं गाव बेनेच्या अंगणात. तापल्या दगडांच्या भट्टीतून डुकरांचा वास सुटलेला. बायका उखळात अळकुड्या कुटत होत्या, रोसिना त्यांच्यात. वितालिस मधोमध येऊन उभा राहिला. त्याची आवडती जागा.

"दाजी, अजून वेळ गेलेली नाही," तो गोड आवाजात म्हणाला. "एक सोपी वाट सांगू? तुम्ही म्हणा, त्या दिवशी मी थाप मारली. बायकोला काही दिलंबिलं नव्हतं, झाडं माझीच. बस! तुमच्या झाडाला कोण हात लावतंय? म्हणा की! ती काय आता ऐकायला येणार आहे?"

दोघंतिघं हसले. बाकीचे जमिनीकडं बघत राहिले. तिथून दहा पावलांवर बेनेची माती अजून ओली होती. तामुकानं तोंड उघडलं. मला वाटलं, म्हणतो आता हा. त्याच्या नजरेत त्या गोधड्याच दिसत होत्या. पण त्यानं तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा भलतंच बोलला.

"तिनं परत दिली होती. जायच्या आधी. मीच हातात घेतली नाहीत."

नावोईनं मान वर केली. "बेनेनं तोंडानं म्हटलं होतं? परत दिली म्हणून?"

"हो आक्का."

"तू पान घेतलं नाहीस ते राहू दे. तिनं म्हटलं असेल तर मला पुरे. ती बोलली आणि आमच्या कुळातल्या एकानं जरी ऐकलं असेल, तर झाडं तुझी, आणि ती उभी आहेत तोवर तूही इथं राहा, आईच्या गावी परत जायला नको. कोणी ऐकलं?"

"रोसिनानं," तामुका म्हणाला. आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं वितालिसकडं मान ताठ करून बघितलं.

सगळ्यांच्या माना उखळाकडं वळल्या. पोर आईच्या कुळातली, आईच्या जमिनीची वारस. तिचा शब्द शेवटचा. रोसिनानं मुसळ भिंतीला टेकवलं, हात कुल्ल्यांना पुसले.

"बोल बाळ," नावोई म्हणाली.

"आई असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही, मावशी."

तामुका तिच्याकडं बघतच राहिला. "रोसू," एवढंच म्हणाला. "अगं, पान तूच..." आणि थांबला. पुढं बोलला असता तर काय झालं असतं? आईच्या मातीपाशी लेक खोटं बोलली, हे गावादेखत ठरलं असतं. तिला कुळात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि आम्हाला कळलं नाही असं समजू नका. बापाचा चेहरा बघितला आणि अंगणातल्या निम्म्या बायकांना कळलं खरं कोण बोलतंय. पण कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. माझ्याही नाही.

"माझीच चूक झाली ऐकण्यात," तामुका म्हणाला. "ती तापात बडबडत होती."

वितालिसनं कुऱ्हाड पुढं केली. रोसिनानं ती मामाच्या हातातून घेतली आणि स्वतः बापाच्या हातात दिली.

भर दुपार, म्हणजे सगळ्या अळ्या खाली. तामुकानं पहिल्या झाडाशी उभं राहून कुऱ्हाड उंच धरली, गोधडीच्या वर, हात पोचेल तिथं. "खाली, दाजी," वितालिस म्हणाला. "झाड बुंध्यात पाडतात. तुमच्या डोंगरात शेंड्यावरून पाडत असतील." मग तामुकानं खाली घातला घाव. पहिल्या घावासरशी सगळ्या गोधडीनं एकदम माना वर केल्या आणि डोक्यातून पिवळी शिंगं बाहेर काढली. घाबरल्या की त्या तसं करतात, आणि आंबलेला, डोक्यात जाणारा वास सोडतात. पाखराला पळवायला तेवढं पुरतं. बायकांनी नाकं दाबली. एक पोरगी ओकली. कुऱ्हाडीचं पातं हिरवं होत गेलं. तामुका घाव घालत राहिला, आणि प्रत्येक घावाला शिंगं बाहेर येत राहिली, कमी कमी होत.

पहिलं पडल्यावर उरलेली चार जावयांनी आणि भाच्यांनी मिळून पाडली. कोंबड्या जमल्या. तामुकाचा हात सवयीनं खड्यासाठी खाली गेला, तेव्हा खड्यांची खरखर ऐकून नावोई म्हणाली, "हात लावू नकोस रे. आता ते बेनेचं आहे." त्यानं खडा टाकून दिला. मग सगळी जेवायला बसली, आणि डुकराचं मांस चांगलं शिजलं होतं असं सगळ्यांचं मत पडलं.

बायको गेली, तिच्या जमिनीवरचं काम संपलं, की नवऱ्यानं आपल्या आईच्या गावी परत जायचं. रोसिना त्याचं गाठोडं घेऊन ओढ्यापर्यंत आली. मी मागून पाणी आणायला निघालो होतो म्हणून हे ऐकलं, नाहीतर या घरातलं कोणी मला सांगायला येणार नव्हतं.

"मामानं काही कबूल केलं होतं का तुला?" तामुकानं विचारलं. "कोको लावायला जागा वगैरे?"

"नाही."

"मग का गं, पोरी?"

रोसिनानं गाठोडं दगडावर ठेवलं. ती रडत नव्हती. "आई शेवटच्या सकाळी सारखी विचारत होती, बाबा आला का. मी सांगितलं, झाडांखाली आहे, बोलावते. तर म्हणाली, नको, राहू दे, त्याच्या अळ्या उतरायची वेळ आहे." तिनं गाठोड्याची गाठ आवळली. "झाडं राहिली असती ना बाबा, तर तू उद्या सकाळी उठून तिथंच जाऊन बसला असतास. आई नाही हे तुला महिनाभर कळलंही नसतं. आता कळेल."

तामुकानं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि पाण्यात उतरला. रोसिना तो पलीकडं चढेपर्यंतसुद्धा थांबली नाही.

वर डोंगरात त्याला ओळखणारी एक बहीण तेवढी उरली होती. तिच्या पोरांनी त्याला डुकरांच्या कुंपणाशेजारी एक खोपटं बांधून दिलं. गेल्या वर्षी मी बियाणं आणायला तिकडं गेलो होतो. तामुका खोपटाच्या दारात बसला होता, काही न करता. बहिणीनं मला रताळी दिली आणि ओळख काढून बोलत बसली. ती सांगत होती, आला तेव्हा त्याला विचारलं, इतकी वर्षं खाली काय केलंस रे बाबा? तर म्हणाला, बायको आजारी होती, तिच्या उशाशी बसून होतो.

"असा नवरा बघितलाय का कुठं?" ती म्हणाली. आपल्या सुनांना ती हे रोज ऐकवते.

तामुकानं माझ्याकडं बघितलं. मी रताळं सोलत राहिलो.